सिग्मा : एक अक्षर, अनेक अर्थ

ग्रीक वर्णमालेतील अठरावे अक्षर म्हणजे सिग्मा. त्याचे मोठे रूप ऑयलर यांनी १७५५ मध्ये बेरजेचे चिन्ह म्हणून वापरले. लहान रूप पदार्थविज्ञानात स्टीफन-बोल्ट्झमन स्थिरांक, तर रसायनशास्त्रात एक प्रकारचा सहसंयुज बंध दर्शविते. संख्याशास्त्रात कार्ल पिअरसन यांनी १८९४ मध्ये ते प्रमाण विचलनासाठी योजले.

येथेच विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. समजा, पाच विद्यार्थ्यांचे गुण ४०, ४५, ५०, ५५ व ६० आहेत. सरासरी ५०, विचलनांच्या वर्गांची बेरीज २५०. हे पाचच विद्यार्थी म्हणजे संपूर्ण समष्टी असेल, तर ५ ने भागून वर्गमूळ काढावे, सिग्मा ७.०७ येतो. ते मोठ्या वर्गातून घेतलेला नमुना असतील, तर ४ ने भागावे, उत्तर ७.९१ येते व त्यास 'एस' म्हणतात. ग्रीक अक्षर समष्टीचे मूल्य सांगते. रोमन अक्षर नमुन्यावरून केलेला त्याचा अंदाज.

असा अंदाज किती अचूक असू शकतो, याची मर्यादा सी. आर. राव यांनी १९४५ मध्ये दाखविली. प्रसामान्य वितरणात सरासरीच्या अनभिनत आकलकाचे प्रचरण, सिग्माच्या वर्गाला नमुन्यातील निरीक्षणांच्या संख्येने भागून येणाऱ्या मूल्यापेक्षा कमी होऊ शकत नाही. हीच क्रामेर-राव असमानता. हैदराबाद विद्यापीठाच्या परिसरातील गणित व संख्याशास्त्राच्या संस्थेस राव यांचेच नाव आहे.

म्हणून फळ्यावर अक्षर लिहिण्यापूर्वी शिक्षकांनी एकच प्रश्न विचारावा : समष्टी की नमुना?