समाधानकारक म्हणजे किती?

"पगार वाढंल का?" सासूबाईंनी एवढंच विचारलं. मी म्हटलं, "नाही आई." "मग कशाला गं परत शाळा?"

माळशिरस तालुक्यात मी कंत्राटी विशेष शिक्षिका आहे. नातेपुत्यापासून वेळापूरपर्यंतच्या शाळांतली दिव्यांग मुलं माझ्याकडं, आणि ज्यांना शाळेत येणंच जमत नाही त्यांच्या घरी मी जायचं. बी.एड. विशेष शिक्षण करून दहा वर्षं झाली होती. एम.एड. का करायचंय, हे सासूबाईंना तेव्हा सांगता आलं नाही.

गावात लोकांना वाटतं, साध्या एम.एड.लाच 'विशेष' चिकटवलंय. तसं नाही. विशेष शिक्षणाचे अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत येतात. तिचा कायदा १९९२चा. एम.एड. दोन वर्षांचं, चार सत्रांचं. बी.एड. विशेष शिक्षणात किमान ५० टक्के हवेत, साधं बी.एड. असेल तर जोडीला परिषदेनं मान्य केलेली विशेष शिक्षणाची पदविका लागते. श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता अशा शाखांतली एक घ्यायची. श्रवणदोषासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. मी बौद्धिक अक्षमता घेतली, काम सोडलं आणि मुंबई गाठली. पुस्तकं इंग्रजीत. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीच्या तासाला माझ्या वहीत फक्त तारीख असायची.

लघुप्रबंधाची वेळ आली तेव्हा मार्गदर्शक मॅडमना माझ्या जुन्या नोंदवह्या दाखवल्या. दहा वर्षांच्या. प्रत्येक मुलापुढं एकच शेरा: प्रगती समाधानकारक. त्यांनी चार-पाच पानं उलटली आणि विचारलं, "समाधानकारक म्हणजे किती?"

मला घाम फुटला. अधिकाऱ्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला नाही.

लघुप्रबंधासाठी मग गावाकडं येऊन एकाच मुलावर काम केलं. बाळू म्हणू त्याला. वय नऊ, सदाशिवनगरच्या पुढं वस्तीवर राहतो. शर्टाची बटणं लावणं, एवढाच विषय. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या हसल्या. पण बटण लावणं ही एक गोष्ट नाही, पाच आहेत. डाव्या हातानं काज धरायचं, उजव्या चिमटीत बटण पकडायचं, कड काजात सारायची, पलीकडून ती चिमटीत घ्यायची, ओढायची. शिकवायच्या आधी पाच दिवस नुसतं बघायचं आणि त्याला आपणहून किती जमतं ते लिहून रोजचा आलेख काढायचा. पाचपैकी एक. कधी दोन. आतापर्यंत मी थेट शिकवायला बसायचे. पोरगं मुळात कुठं उभं आहे हे पाहिलंच नव्हतं.

मग शेवटाकडून सुरुवात. चार पायऱ्या मी करायच्या, अर्धं बाहेर आलेलं बटण त्यानं फक्त ओढायचं. म्हणजे रोज काम पुरं होतं ते त्याच्या हातानं. ते पक्कं झालं की त्याच्या आधीची पायरी त्याच्याकडं द्यायची.

तिसऱ्या पायरीवर गाडी अडली. आठ दिवस आलेख हलेना. मी बाळूच्या बोटांची ताकद, लक्ष, काय काय लिहीत बसले. त्याची आई चुलीपुढून उठून आली, शर्ट हातात घेतला आणि म्हणाली, "बाई, नव्या ड्रेसची काजं लई घट्ट हायती. माझंच बोट दुखतंय." ब्लेडनं तिनं प्रत्येक काज गव्हाच्या दाण्याएवढं वाढवलं. दुसऱ्या दिवशी बटण आत गेलं.

मध्ये माउलींची पालखी आली. बाळूच्या अंगणात वारकरी उतरलेले, घरात पाय ठेवायला जागा नाही. तीन दिवस नोंद नाही. आलेखात ती जागा मी अंदाजानं भरणार होते. मॅडमनी कोरीच ठेवायला लावली.

आता या पदवीचा उपयोग काय? पदवी असेल तर बी.एड. विशेष शिक्षणाच्या महाविद्यालयात शिकवता येतं, आणि तिथं माणसं लागणार आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निकालानंतर केंद्र सरकारनं २०२२ मध्ये प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागं एक आणि त्यापुढं १५ मुलांमागं एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. २०२४ मध्ये राज्य सरकारनं शाळा-केंद्र स्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली. एवढे शिक्षक घडवणार कोण?

मी मात्र परत तालुक्यातच आले. पुन्हा कंत्राट मिळालं. पगार, सासूबाईंना सांगितला होता तेवढाच. नोंदवहीत आता शेरा नसतो, आकडा असतो. बाळू खालची चार बटणं लावतो. गळ्याचं त्याला दिसत नाही, ते आईच लावते.

तुमच्या घरात कुणी या वाटेनं निघालं असेल तर फी भरण्याआधी एक करा: त्या कॉलेजला, त्या शाखेला, त्याच वर्षाची परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेवर जाऊ नका. मान्यता नसलेल्या पदवीवर परिषदेकडं नोंदणी होत नाही.