फुलीच्या स्क्रूचा हट्ट
कार्ब्युरेटर साफ करायला घ्यावा आणि खालच्या वाटीचा स्क्रूच हलू नये. जोर लावला की फुलीची खाच गोल. जुन्या यामाहा आरएक्स १००च्या मालकांना हे दुखणं नवं नाही.

इथे बहुतेकदा पेचकसच चुकलेला असतो. जपानी गाड्यांवरची फुली जेआयएस मानकाची, दुकानात ‘स्टार’ म्हणून मिळणारा पेचकस बहुधा फिलिप्स. दिसायला सख्खे भाऊ. पण फिलिप्सचं टोक त्या खाचेत तळापर्यंत बसत नाही आणि जोर येताच वर उसळतं. स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसला, तर तो जेआयएसचा समजावा. (ठिपका नसला म्हणून नाहीच, असं मात्र नव्हे.)

इंजिन कव्हरचे गंजून बसलेले स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरला दाद देतात: हातोडीचा एकच ठोका स्क्रू दाबतो आणि फिरवतोही. कार्ब्युरेटरवर हा प्रयोग करू नये, त्याची बॉडी तडकू शकते.