दिवाळीतील किल्ला : मुलांचे बांधकामशास्त्र

महाराष्ट्रात दिवाळीच्या सुटीत मुले अंगणात किंवा इमारतीच्या आवारात जो मातीचा किल्ला उभारतात, त्यात इतिहास, भूगोल आणि खोडकरपणा एकाच चिखलात कालवलेले असतात. दगड-विटांच्या ढिगावर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरले की डोंगराचा उतार तयार होतो आणि त्यावर हळीव किंवा मोहरी पेरल्यास काही दिवसांत हिरवे रान उगवते. विटा शेजारच्या बांधकामावरून गुपचूप येतात, घरातला आरसा नाहीसा होऊन तळे बनतो, आणि सिंहासनावरील शिवाजी महाराजांच्या पायाशी मावळ्यांबरोबर प्लॅस्टिकचा डायनासोरही पहाऱ्याला उभा राहतो. मोठ्यांनी तो उचलण्याची घाई करू नये.

राजगड करायचा ठरला, तर बालेकिल्ला, म्हणजे गडाचा सर्वांत उंच व अखेरच्या बचावाचा भाग, आणि त्याखालील सुवेळा, संजीवनी व पद्मावती या तीन माच्या, म्हणजे डोंगराच्या तटबंदी केलेल्या सोंडा, कशा मांडाव्यात यावर मुलांत जो वाद रंगतो, तो पाठ्यपुस्तकातील धड्याहून अधिक शिकवतो. उंचावर टांगलेल्या बाटलीतील पाणी सलाइनच्या नळीने खाली आणून, केवळ उंचीतून मिळणाऱ्या दाबावर कारंजे उडवणे ही तर अस्सल अभियांत्रिकी होय.