लडाखला जायचंय? आधी रक्त तपासा, मग गाडी

गेल्या वर्षी बुद्ध पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी, वंदना संपल्यावर विहाराच्या ओट्यावर आमची बैठक बसली. आम्ही पाच जण, चार गाड्या, जुलैमध्ये लडाख. वहीत गाडीची तीन पानं भरली होती. क्लच वायर, पंक्चरचं सामान, जादा पेट्रोलचा डबा, रेनकोट, नागपूरहून जम्मूपर्यंत रेल्वेच्या पार्सलचा खर्च, पार्सलला देताना टाकी रिकामी करावी लागते ही सूचनासुद्धा. आमच्यातल्या ताई सरकारी दवाखान्यात परिचारिका आहेत. त्यांनी वही चाळली आणि विचारलं, "शरीराचं पान कुठं आहे?" आम्ही हसलो. त्यांनी पुढं विचारलं, "सिकलची तपासणी कोणाकोणाची झाली आहे?" तेव्हा कोणीच हसलं नाही.

आरोग्याच्या पानावर मोटारसायकलचा प्रवास कशाला, असं काहींना वाटेल. पण आपल्या वस्त्यांतली मुलं आता दर उन्हाळ्यात तिकडं निघतात. हप्त्यावर घेतलेली गाडी असते, मित्र असतात, आणि लेह म्हणजे बुद्धाचा मुलूख ही ओढही असते. त्या ओढीला आम्ही नावं ठेवणार नाही, आम्हीही तिच्यामुळेच गेलो. तयारीचा क्रम मात्र बहुतेकांचा आमच्यासारखाच उलटा असतो.

लेह समुद्रसपाटीपासून साधारण 3,500 मीटर उंच आहे आणि खारदुंग ला ही खिंड 5,300 मीटरच्या वर. हवेत प्राणवायूचं प्रमाण तिथंही तेवढंच असतं, पण हवेचा दाब कमी असल्याने एका श्वासात मिळणारा प्राणवायू लेहमध्ये आपल्याकडच्या सुमारे दोन तृतीयांश आणि खारदुंग लावर जवळपास निम्माच उरतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात. पायी चढणाऱ्याला ते आपोआप मिळतात. मोटारसायकलवाला सकाळी चहा पिऊन निघतो आणि दुपारपर्यंत दोन हजार मीटर वर पोहोचतो. दम लागत नाही, घाम येत नाही, म्हणून आपल्याला काही झालं नाही असं त्याला वाटतं. गाडीचं इंजिनही विरळ हवेत दमतं, पण ते निदान आवाज करून सांगतं.

आता सिकलचं. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात हा आजार आहे हे काही लपलेलं नाही. दोन्ही पालकांकडून दोष आला तर माणूस सिकलग्रस्त होतो. एकाकडूनच आला तर वाहक. वाहकाला एरवी काहीच त्रास नसतो, तो शेतात राबतो, फुटबॉल खेळतो, पोलीस भरतीतही धावतो. पण खूप उंचावर, प्राणवायू कमी, अंगात पाणी कमी आणि वर दगदग, असं सगळं एकत्र आलं की वाहकाच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. त्या पहिल्यांदा अडकतात प्लीहेत. डाव्या बरगडीखाली जोरात कळ येते, उलटी होते, ताप येतो. हे क्वचित होतं, पण होतं. सिकलग्रस्त माणसाने तर त्या उंचीवर जाऊच नये.

आमच्यातल्या धाकट्याचा मोठा भाऊ सिकलग्रस्त. दर हिवाळ्यात हातपाय दुखून दवाखान्यात भरती होतो. भाऊ ग्रस्त, म्हणजे आईवडील दोघेही निदान वाहक असणार, आणि धाकटाही वाहक असण्याची शक्यता बरीच. तरी त्याची तपासणी कधी झाली नव्हती. आम्ही घरी गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "कायले तपासाचं? एकाचं त सगळ्यायले माहीत आहे. याचंबी निंगालं त पोरगी कोण देईन?"

त्या माउलीला अडाणी म्हणण्याचा हक्क कोणाला नाही. सोयरीक जमवताना रक्ताचा कागद निघाला की बोलणी थांबतात, हे आम्ही आमच्याच नात्यात पाहिलं आहे. ताईंनी तिला शांतपणे समजावलं. वाहक असणं हा आजार नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तरच प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मूल ग्रस्त होण्याची असते, म्हणून लग्नाआधी माहीत असणं उलट चांगलं. आई तेवढ्यावर तयार झाली नाही. "तिकडं पहाडात पोट दुखलं त दवाखाना किती दूर राह्यते?" असं तिनंच विचारलं, उत्तर ऐकलं आणि चौथ्या दिवशी मुलाला घेऊन स्वतः दवाखान्यात आली.

तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. आधी बोटातल्या रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी. तीत दोष आहे की नाही एवढंच कळतं. वाहक की ग्रस्त, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा त्यासारख्या दुसऱ्या तपासणीत ठरतं आणि तिच्या अहवालाला वेळ लागू शकतो, म्हणून निघायच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. आम्ही पाचही जणांनी केली. धाकटा वाहक निघाला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, लेहपर्यंत हळूहळू जा, पाणी भरपूर पी, पण पाच हजार मीटरच्या खिंडी सोड. तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. खारदुंग लाच्या पाटीसमोर फोटो हेच तर त्याचं स्वप्न होतं.

मग रस्ता बदलला. आधी मनालीहून जायचं ठरलं होतं. अटल बोगद्यामुळे ती वाट सोपी झाली आहे, पण शरीराला नाही. मनाली 2,000 मीटर आणि दुसऱ्या मुक्कामाला लोक सरचूला तंबूत झोपतात, ते 4,200 च्या वर. पुढं तंगलांग लाही पाच हजारांच्या वरचीच. 3,000 मीटरच्या पुढं झोपण्याची जागा एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम तिथं पहिल्याच फेरीत मोडतो. आम्ही श्रीनगरची वाट धरली. श्रीनगर 1,600, कारगिल 2,700, आल्ची 3,100, मग लेह. मधली फोटू ला 4,100 मीटरची आहे, पण ती दिवसा ओलांडून खाली उतरायचं असतं. वाटेत लामायुरूचा गोंपा लागतो, आल्चीला जुन्या विहारातली भित्तिचित्रं आहेत. आल्चीत ज्यांच्याकडे उतरलो त्यांना आम्ही जयभीम केला, त्यांनी जुले म्हटलं, आणि थुक्पा समोर आला. घाईत गेलेल्यांना हे काही दिसत नाही.

लेहला पोहोचल्यावर दोन दिवस नुसता आराम. फिरायचं, पण चढायचं नाही. पाणी प्यायचं. लघवी पिवळीजर्द झाली तर पाणी कमी पडतंय असं समजा. हेल्मेट, हातमोजे, चार थर कपडे, म्हणून मुलं वाटेत थांबायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत. दारू तर नकोच. पंचशील पाळणाऱ्याला वेगळं सांगायला नको, पण थंडीचं निमित्त करून जे घेतात त्यांनी हे लक्षात ठेवावं की दारूने झोपेतला श्वास आणखी मंदावतो. डायमॉक्सच्या गोळ्या मित्राच्या खिशातून घेऊ नका. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल किंवा सिकल असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

एवढं करूनही चूक झालीच. आमच्यातला एक रोज व्यायामशाळेत जाणारा, दंड बघण्यासारखे. लेहच्या दुसऱ्या रात्री त्याचं डोकं दुखत होतं, जेवण नको वाटत होतं. त्याने कोणाला सांगितलं नाही, गोळी खाऊन झोपला. सकाळी धाकट्याला लेहमध्ये ठेवून आम्ही चौघं तीन गाड्यांवर खारदुंग लाला निघालो. वर पोहोचल्यावर त्याला उलटी झाली. ताईंनी त्याला सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावून चालायला सांगितलं. तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देत होता आणि आपण ठीक आहोत म्हणून भांडत होता.

झोकांड्या जाणं, असंबद्ध बोलणं म्हणजे मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण. बसल्या जागी धाप, खोकला, गुलाबी फेसाळ थुंकी म्हणजे फुप्फुसात पाणी. दोन्हींत माणूस काही तासांत जाऊ शकतो, आणि पैलवान असण्याने काही फरक पडत नाही. अशा वेळी आराम करून बघू म्हणायचं नाही, ताबडतोब खाली उतरायचं. एका लडाखी टॅक्सीवाल्याने त्याला गाडीत घेतलं, ताई शेजारी बसल्या. त्याची मोटारसायकल वरच सोडली. हप्ते बाकी असलेली गाडी अशी सोडताना जिवावर येतं, खोटं कशाला बोला. ती दुसऱ्या दिवशी आणली. लेहच्या सोनम नरबू रुग्णालयात रात्रभर प्राणवायू लावला, सकाळी त्याने चहा मागितला. नुब्रा आणि दिस्कितची मैत्रेय बुद्धाची मूर्ती राहून गेली. आम्ही रुग्णालयात होतो तेव्हा धाकटा मात्र हेमिस आणि ठिकसे बघून आला होता, आणि आमच्यासाठी जेवण घेऊन उभा होता.

आणखी एक. दुसऱ्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. आमच्या पाचांत एकच पोस्टपेड होतं, तेही ताईंचं, आणि त्या टॅक्सीत खाली गेल्यावर आम्ही दोघं वर बिनफोनचे. यंदा जाणार असाल तर निदान दोघांकडे तरी ठेवा, आणि ते दोघे एकाच गाडीवर बसवू नका.