सहा किलोंचा हिशेब

भोपाळमधल्या कोटरा सुल्तानाबादच्या गल्ल्यांतून संध्याकाळी फिरायला निघणाऱ्या एखाद्या पिटुकल्या कुत्र्याची जात विचारली, तर उत्तर बहुधा 'पॉमेरियन मिक्स' असं येतं. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून मिरवणारा बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो आणि उरलेलं रक्त ल्हासाचं, पगचं की कोपऱ्यावरच्या गावठी बापाचं, हे मालकालाही ठाऊक नसतं. त्यानं फारसं अडत नाही. अडतं ते 'संकर म्हणजे काटक' या समजुतीनं. काही आनुवंशिक रोगांचा धोका संकरात कमी होतो हे खरं, पण आईबाप दोघंही लहान चणीचे असले तर लहान चणीची दुखणी पिल्लाच्या वाट्याला येतातच. म्हणून त्याची कुंडली मांडत बसण्यापेक्षा वजनकाटा आणा.

समजा, कुत्रं सहा किलोंचं आहे आणि त्याची नसबंदी झालेली आहे. घरात राहून दोन वेळा फिरणाऱ्या अशा कुत्र्याला दिवसाला साधारण ४०० किलोकॅलरी पुरतात. तूप लावलेली एक मध्यम पोळी शंभराच्या वर जाते. म्हणजे आजोबांनी जेवताना लाडानं भरवलेली एक पोळी हा त्याच्या दिवसाच्या खाण्याचा चौथा हिस्सा. माणसाच्या मापानं बोलायचं तर पोटभर जेवणावर आणखी चार पोळ्या. 'तो फारसं खातच नाही, तरी सुटलाय' ही तक्रार करणाऱ्या घरात चहाबरोबरच्या बिस्किटांची मोजदाद कुणी ठेवलेली नसते. लठ्ठपणा ओळखायला डॉक्टरही लागत नाही. बरगड्यांवरून बोटं फिरवा. आपल्या पालथ्या पंज्याची हाडं जशी हाताला लागतात तशा बरगड्या लागल्या तर ठीक, मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर कुत्रं रोड, आणि तळव्यासारखं नुसतं मऊ लागलं तर पोळी बंद.

पिल्लाची गोष्ट मात्र उलटी. लहान देहाची उष्णता भरभर निघून जाते, त्यामुळे दर किलोमागे त्याला मोठ्या कुत्र्यापेक्षा जास्त ऊर्जा लागते, आणि साखरेचा साठा तर इवलासा. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू बराच वेळ उपाशी राहिलं तर लटपटतं, कधी झटकेही येतात. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खाऊ घाला. नुसत्या दूध-पोळीवर वाढवू नका. त्यात त्याच्या वाढीला पुरेशी प्रथिनं नसतात आणि दुधानं अनेकांना ढाळ लागतात. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुका वर्ज्य. शिऱ्यातला बेदाणाही वेचून काढायचा, कारण विषाचा हिशेबही वजनावरच चालतो.

त्याच लसीचे डोस पुन्हा पुन्हा का, असा प्रश्न अनेकांना पडतो. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिद्रव्यं पहिले काही आठवडे पिल्लाला राखतात, पण तीच लसही निष्फळ करतात. ती नेमकी कधी ओसरतात ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस. शेवटचा चुकवला तर आधीच्यांचा भरवसा नाही. या भागात डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाच्या लशीला आणखी एक कारण आहे: वन विहार राष्ट्रीय उद्यानाचं एक दार जवळच भदभद्याच्या बाजूला आहे आणि हा विषाणू वाघ-सिंहांनाही सोडत नाही. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यात याच विषाणूचा हात निघाला. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर, मग वर्षानं पुन्हा, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी.

आता गोचीड. अंगावर दिसतात त्या थोड्याच. अंडी आणि पिल्लं घरात असतात. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते, भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे शिरते आणि हजारो अंडी घालते. त्यामुळे नुसतं कुत्र्याला न्हाऊ घालून काही होत नाही. फटी बुजवायच्या, त्याचं अंथरूण कढत पाण्यात धुवायचं. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल नको, बोटांनी चिरडणंही नको. गाई-म्हशींसाठीचं औषध 'थोडंसंच' पाण्यात घालून चोळण्याचा सल्ला कुणी ना कुणी देतोच. सहा किलोंच्या कुत्र्यावर तो अंगलट येतो. वजनाप्रमाणे मिळणारी गोळी डॉक्टरांकडून घ्या. खाणं सोडलं, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं तर गोचीडतापासाठी रक्त तपासायचं, वाट पाहायची नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, तेव्हा हात लावून 'गरम लागतोय' म्हणण्याला अर्थ नाही.

भोपाळचा मे चाळीशी ओलांडतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंज्यांतच. बाकी सगळी मदार धापण्यावर. जिभेवरून आणि श्वासमार्गातून पाणी उडतं, तेवढाच गारवा. पावसाळ्यात हवा दमट झाली की तेही नीट साधत नाही. त्यात बुटक्याचं पोट डांबराच्या अगदी जवळ. हात पालथा करून सात सेकंद रस्त्यावर टेकवा; टेकवत नसेल तर त्यालाही नेऊ नका. स्पिट्झच्या वळणाचे दुहेरी केस उन्हाळ्यात भादरून टाकण्याची हौस मात्र आवरा. ते केस उन्हालाही अडवतात आणि भादरल्यावर कधी कधी नीट येतच नाहीत. विंचरून आतली मेलेली लोकर काढली की पुरे. ऊन लागून कुत्रं कोसळलंच तर नळाच्या पाण्यानं भिजवून पंख्याखाली ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा.

गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीला बसणारा हार्नेस घ्या. श्वासनलिकेला इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या कूर्चेच्या कड्या असतात. लहान जातींत त्या ढिल्या पडून नळी चपटी होते आणि ओढाताण झाली की बदकासारखा खोकला येतो. चालता चालता मागचा पाय उचलून चार पावलं लंगडायचं आणि पुन्हा जणू काही झालंच नाही असं धावायचं, हे नाटक नव्हे. गुडघ्याची वाटी सरकलेली असते. उड्या टाळायला दिवाणाशी एक पायरी ठेवा.

दातांकडे दुर्लक्ष सगळीकडेच. जबडा केवढासा, पण दात मोठ्या कुत्र्याइतकेच बेचाळीस. गर्दीत अन्न अडकतं, कीट चढतं. सहा-सात महिन्यांनंतरही दुधाचे सुळे नव्या सुळ्यांशेजारी उभे असतील तर नसबंदीच्या भुलीतच काढून घ्या. ब्रश रोज, पण पेस्ट कुत्र्यांसाठीची, आपली नव्हे.

उतारवयात लहान कुत्र्यांच्या हृदयाची झडप निकामी होऊ लागते. कुत्रा गाढ झोपलेला असताना छातीचं वरखाली होणं अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. आकडा पुन्हा पुन्हा तिसाच्या वर जात असेल तर तारखेसकट लिहून ठेवा आणि तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा.