मॅक अ‍ॅड्रेस: समज आणि वस्तुस्थिती

मृगाच्या पावसात वीज कडाडते, तारेवाटे आलेल्या झटक्याने संगणकाचे लॅनकार्ड जळते, आणि फुलंब्रीच्या एखाद्या घरी नवे कार्ड बसवून, महिन्याचे पैसे भरलेले असूनही इंटरनेट सुरू होत नाही, तेव्हा कोणी जाणता सांगतो, ‘मॅक बदला, चालू होईल.’ हा सल्ला पुष्कळदा लागू पडतो. परंतु त्याच्या यशातूनच मॅक या यंत्राच्या ओळख-पत्त्याविषयी ज्या भ्रामक समजुती उत्पन्न झाल्या आहेत, त्यांचे निराकरण मला अगत्याचे वाटते.

हा पत्ता कारखान्यात कायमचा कोरलेला असतो, ही पहिली समजूत. बारा चिन्हांच्या या पत्त्यातील पहिली सहा चिन्हे ‘आयईईई’ ही संस्था उत्पादकास नेमून देते व उरलेली सहा उत्पादक ठरवितो, हे खरे. तथापि संगणक त्याऐवजी दुसरा पत्ता पुढे करू शकतो, आणि त्यासाठी नियमातच जागा राखलेली आहे. डावीकडून दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असले, तर तो पत्ता सामान्यतः उत्पादकाचा नसून स्थानिक समजावा. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफायसाठी असाच निराळा पत्ता आपण होऊन धारण करू लागले.

मग जोडणी अडते कोठे? अनेक ब्रॉडबँडवाले ग्राहकाच्या खात्यापुढे त्याच्या यंत्राचा मॅक नोंदवून ठेवतात. जमिनीचे खरेदीखत झाले तरी फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर जुनेच नाव राहावे, तसे नवे कार्ड त्यांच्या दप्तरी अनोळखी ठरते. अशा वेळी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘गेटमॅक’ ही आज्ञा देऊन दिसणारा पत्ता त्यांना कळवावा व नोंद बदलून घ्यावी, हा राजमार्ग. राउटरमधील ‘मॅक क्लोन’ने आपल्याच जुन्या कार्डाचा पत्ता लावणे हाही उपाय चालतो, मात्र एकाच जाळ्यात एक पत्ता दोन यंत्रांनी एकाच वेळी वापरला, की दोघांचेही इंटरनेट अडखळते.

मॅक बदलल्याने वेग वाढतो, ही दुसरी समजूत. तसे होत नाही, कारण वेग खात्याच्या प्लॅनशी बांधलेला असतो. ओळखही लपत नाही: हा पत्ता पहिल्या राउटरपलीकडे जातच नाही, संकेतस्थळाला आयपी पत्ता दिसतो, आणि सेवा देणारा ग्राहकास खात्यावरून ओळखतोच. दुसऱ्या ग्राहकाचा मॅक लावून फुकट इंटरनेट मिळविणे ही युक्ती नव्हे, लबाडी होय. हेराफेरी करून आपल्या सेवेचा आकार दुसऱ्याच्या खात्यावर चढविणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये स्पष्टपणे येते, आणि ते अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मोबाइलचा १५ अंकी आयएमईआय ही तर सर्वस्वी निराळी वस्तू. त्यात फेरबदल करण्यास कायद्याने मनाई आहे, म्हणून मॅकचा सल्ला तेथे कोणीही लागू करू नये.