सरकलेले कुंपण

भूकंपाला आपण घरी जलजला म्हणतो. जलजला म्हटले की जमीन दुभंगते आणि माणसे गिळते, असे चित्र डोळ्यांसमोर येते. खरेच तसे होते का? याचे उत्तर एका पायवाटेवर मिळते.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराच्या वायव्येस ओलेमा नावाची लांब, सरळ दरी आहे. तिच्यातून सॅन अँड्रियास हा प्रस्तरभंग जातो. प्रस्तरभंग म्हणजे भूकवचातील अशी भेग, जिच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकलेले असतात. भेगेजवळचे खडक चुरडतात व पाण्याने लवकर झिजतात. म्हणून येथे दरी झाली.

दरीतील ‘भूकंप वाट’ जेमतेम एक किलोमीटर लांब आणि जवळजवळ सपाट आहे. काठी टेकत चालणारे आजोबाही ती सहज पार करतील. भेग कोठून गेली, ते निळे खांब दाखवतात. पुढे एक लाकडी कुंपण लागते. ते मध्येच तुटले आहे आणि त्याचा पुढचा भाग सुमारे ५ मीटर बाजूला उभा आहे!

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी झालेल्या भूकंपात कुंपण असे सरकले. (आजचे लाकूड नंतरचे आहे.) हॅरी फील्डिंग रीड या शास्त्रज्ञाने १९१० साली याचे कारण सांगितले. दोन्ही बाजूंची जमीन हळूहळू सरकू पाहते, पण भेगेतले खडक एकमेकांत अडकतात. जमीन वाकते, ताण साठतो. तुमची पट्टी दोन्ही हातांनी वाकवून पाहा, म्हणजे कळेल. शेवटी खडक निसटतात आणि वर्षानुवर्षांचे सरकणे काही क्षणांत घडते.

तेव्हा एक गाय भेगेत गडप झाली, फक्त शेपटी वर राहिली, अशी बातमी पसरली होती. पुढे लोक सांगू लागले की गाय आधीच मेली होती, तिला तेथे पुरले होते. मला हेच पटते. जमिनीला तडे पडले खरे, पण ती मुख्यतः बाजूला घसरली होती. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. त्यांनाही जमिनीने गिळले नव्हते. दगडमातीच्या जड भिंती झोपेत त्यांच्या अंगावर कोसळल्या.

ओलेमाजवळची भेग १९०६ पासून पुन्हा अडकून बसली आहे. ताण साठत आहे. वाटेवर मात्र काहीच जाणवत नाही. मुले एक पाय भेगेच्या इकडे, एक तिकडे ठेवून उभी राहतात आणि पलीकडे गवतात हरणे चरत असतात.